खिळे

आयझम टार्व्हर माणूस मारतो
तो माझ्या हातांनी.
पान एकशे बारा, खालून सातवी ओळ.

मी खिळे जुळवतो. सेंट लुइस, नदीकडची गल्ली,
खाली न्हावी, वर आमचा छापखाना.
लग्नपत्रिका, चर्चची पत्रकं, कुणी गेलं की काळ्या चौकटी
आणि वर्षाकाठी एखादी कादंबरी,
लिहिणाऱ्याकडे पैसे नसलेली.

शिशातली अक्षरं उलटी वाचायची असतात.
एकोणीस वर्षं वाचतोय,
या ओळीवर मात्र अडलो.

आयझम बर्फ पोचवतो.
खांद्यावर गोणपाट, कमरेला लोखंडी आकडा.
ऑगस्टातल्या दुपारी धक्क्यावरून एक गोरं पोर पाण्यात जातं
आणि हा उडी मारतो.
(विचार करायला लेखकाने त्याला एक शब्दही दिलेला नाही.)
पोराला फळ्यांवर पालथं घालून पाठ दाबतो,
पोर पाणी ओकतं, रडायला लागतं,
तेवढ्यात वरून एक बाई बघते:
काळे हात, गोरी पाठ.
तिची किंकाळी मी मोठ्या खिळ्यांत बसवली,
मालक म्हणाले, लहानच ठेव, पुरेल.

पुढची तीन प्रकरणं तो पळतो.

माझे वडील सांगायचे, पोलीस दिसला
की हात खिशात नको,
खिशाबाहेरही नको.
मग कुठे, विचारलं तर हसायचे.
दारात पाऊल वाजलं की आई आधी दिवा विझवायची,
मग विचारायची, कोण?
परवा जिन्यात कुणी चढलं,
आणि माझ्या हातात लाकडी हातोडी.
न्हावी होता. काडेपेटी मागायला आलेला.
हातोडी बघून तो काही बोलला नाही.
काडेपेटी घेऊन गेला.

तर, रात्र. बर्फाची वखार.
भुशाच्या ढिगामागे आयझम, कपडे अजून ओलेच.
दार करकरतं. कंदील. एकटा माणूस, गोरा.
आत आहेस का रे?
त्याच्या दुसऱ्या हातात काहीतरी होतं.
मग आकडा.

एकशे तेरावर, भुशात पडलेली,
आयझमचीच टोपी, धक्क्यावर राहिलेली.
धुतलेली, वाळवलेली, आत दोन डॉलर.
मेला तो पोराचा काका, रॉस वेंडलर,
एका पायाने अधू.

एम्ब्री शाई लावता लावता चिडला:
आपलाच माणूस, आपणच छापायचा?
ते म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

रात्री सगळे गेल्यावर मी एक केलं.
‘काहीतरी’ उपसून तिथे ‘टोपी’ बसवली.
ओळ सैल पडली,
फटींत कोरं शिसं भरलं, घट्ट झाली.
वाचून पाहिली.
आयझमला टोपी दिसली असती का?
दिसली नसती.
पान पाच छापून झालंय, जिथे त्याच्या भावाला ओढत नेतात.
पान एकतीसही, जिथे त्याला चुकीची गल्ली सांगून
चौघं वाट बघत उभे राहतात.
गठ्ठे बांधून कोपऱ्यात पडलेत,
त्यांचे खिळे कधीच मोडून खणांत गेले.
एका शब्दाने काय होणार होतं?
आणि वेंडलरला तरी मी कोणत्या तोंडाने सांगू हे,
तोही इथेच आहे, याच चौकटीत, पालथा.

‘काहीतरी’ परत बसवलं.

सकाळी ओडेसा प्रूइटने मुद्रितं तपासली.
तांबडी पेन्सिल, चष्म्याला दोरा.
एकशे बाराला थांबली, पुढे गेली, परत आली,
समासात लिहिलं:
टोपी धुणारा माणूस दिवसा का नाही आला?

मुद्रितं लेखकाकडे गेली,
आठवड्याने आली.
बाकी सगळ्या चुका त्याने दुरुस्त केल्या होत्या.
त्या प्रश्नाखाली नुसती एक रेघ,
पेन्सिल टेकवून बराच वेळ धरली असावी तशी,
कागद जरा फाटलेला.